जुन्या गाडीची नवी बॅटरी : निपाणीकडच्या एका अ‍ॅम्बॅसेडरच्या निमित्तानं

आपल्या भागातल्या मोटारींच्या इतिहासाचा विषय निघाला की बोलणं पहिल्यांदा संस्थानिकांच्या गाड्यांवर जातं. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक गाडी बघायला लोक गर्दी करतात, ते बरोबरच आहे. पण निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव या पट्ट्यात घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ज्या अ‍ॅम्बॅसेडर, फियाट आणि जीप उभ्या आहेत, त्यांचाही इतिहास आहे आणि तो जास्त वेगानं नाहीसा होतोय. या गाड्यांचे मालक भेटले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "गाडी सुरू करून बघायची आहे, बॅटरी कुठली घालू?"

प्रश्न साधा वाटतो. मी इंजिनीयर म्हणून नोकरी केली आणि इतिहासाकडे नंतर वळलो. त्यामुळे या प्रश्नात मला दोन्हीकडचं काम दिसतं. चुकीची बॅटरी घातली तर वायरिंग जळू शकतं, हे झालं इंजिनीयरचं. आणि बॅटरी बसावी म्हणून गाडीत कापाकाप केली तर तिच्यावरचा पुरावा पुसला जातो, हे झालं इतिहासाचं. या टिपणाचा मुद्दा एवढाच, की बॅटरी गाडीला शोभेल अशी निवडावी, बॅटरीसाठी गाडी बदलू नये.

गाडी आणि तिचे तीन उपाय

निपाणी परिसरातल्या एका तंबाखू व्यापारी घराण्याची १९६१ सालची अ‍ॅम्बॅसेडर बारा वर्षं बंद होती. नातवानं ती चालू करायचं मनावर घेतलं. मेकॅनिकनं तीन उपाय सांगितले. बाजारात मिळणारी मोठी बॅटरी बसावी म्हणून ट्रे कापायचा, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह "आताच्या गाड्यांसारखं" उलटं करून घ्यायचं, आणि डायनामो काढून अल्टरनेटर टाकायचा. "बॅटरी म्हटल्यावर बॅटरीच असते की ओ सर, त्यात काय बघायचं?" असं त्याचं म्हणणं. माणूस कामाचा पक्का होता. पण आधी गाडी काय सांगते ते बघू, मग काय कापायचं ते ठरवू, असं मी सुचवलं.

बॅटरी गाडीत आली कुठून?

शिसे-आम्ल बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. मोटारीत तिचं खरं महत्त्व वाढलं ते १९१२ नंतर. त्या वर्षीच्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा सेल्फ आला आणि हँडल मारण्याची सक्ती संपली. तरीही आपल्याकडच्या अ‍ॅम्बॅसेडर आणि फियाटमध्ये पुढून हँडल घालायची सोय पुढे कित्येक वर्षं राहिली. बॅटरी उतरली की घरातला दणकट पोरगा हँडल मारायला पुढे जायचा, हे पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकानं पाहिलेलं आहे.

तेव्हाची बॅटरीही वेगळी असायची. कडक रबराचं काळं खोकं, प्रत्येक सेलला वेगळं झाकण, फटी डांबरानं बंद केलेल्या, आणि वर सेल जोडणाऱ्या शिशाच्या उघड्या पट्ट्या. ती उघडून दुरुस्त व्हायची. एखादा सेल गेला तर डांबर तापवून झाकण काढायचं, प्लेटा आणि मधले सेपरेटर बदलायचे, पट्टी पुन्हा ओतायची. बाजारपेठेच्या गावात "बॅटरी वर्क्स" नावाचं दुकान असायचं ते यासाठीच. पुढे प्लास्टिकचं एकसंध खोकं आलं, झाकण कायमचं चिकटलेलं. सहापैकी एक सेल गेला की सगळी बॅटरी टाकायची. प्लेटा बदलणाऱ्यांचा धंदा त्यानंतर आटत गेला.

माल कुठून येत होता तेही बघण्यासारखं आहे. आजची एक्साइड इंडस्ट्रीज ही १९४७ मध्ये असोसिएटेड बॅटरी मेकर्स (ईस्टर्न) या नावानं नोंदली गेली. तिचा पहिला कारखाना बंगालमध्ये श्यामनगरला होता, दुसरा १९६९ मध्ये चिंचवडला आला. मुंबईच्या स्टँडर्ड बॅटरीजचे कारखाने १९९८ मध्ये याच कंपनीकडे गेले. त्यामुळे जुन्या खोक्यावर "स्टँडर्ड" नाव दिसलं तर ती बॅटरी साधारण कुठल्या काळातली, याचा अंदाज बांधता येतो.

आधी गाडी वाचायची

पहिली गोष्ट व्होल्टेज. पूर्ण भरलेला एक सेल सुमारे २.१ व्होल्ट देतो. तीन सेल म्हणजे सहा व्होल्टची बॅटरी, सहा सेल म्हणजे बारा व्होल्टची. लष्करी विलीज जीप सहा व्होल्टवर चालत, आणि सुरुवातीच्या सीजे-३बी जीपसुद्धा. आपल्याकडच्या जुन्या जीपमध्ये बल्बवरचा आकडा, डायनामोवरची पाटी आणि कटआऊटवरची खूण या तिन्ही ठिकाणी बघावं. सहा व्होल्टच्या गाडीत बारा व्होल्टची बॅटरी घातली तर सेल्फ जोरात फिरतो खरा, पण फ्लायव्हीलचे दात झिजतात आणि बल्ब उडतात. उलट सहा व्होल्टच्या गाडीला आजची बारीक केबल लावली तर सेल्फ मरगळतो. तेवढ्याच ताकदीसाठी सहा व्होल्टला दुप्पट करंट लागतो, म्हणून तिथं केबल जाडच हवी. "बॅटरी कमजोर आहे" अशा तक्रारीमागे पुष्कळदा केबलच असते.

दुसरी गोष्ट अर्थिंग. अ‍ॅम्बॅसेडर ही ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून उत्तरपाड्याला तयार झाली. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. याची दोन कारणं सांगितली जात : टर्मिनल कमी गंजतात आणि प्लगमध्ये ठिणगी सहज पडते. साठच्या दशकात अल्टरनेटर आणि ट्रान्झिस्टर आले तशी ही पद्धत मागे पडली. फियाट इटलीची, तिच्यात पहिल्यापासून निगेटिव्ह बॉडीला. म्हणजे एकाच घराच्या शेडमध्ये शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांची जोडणी उलटसुलट असू शकते.

निपाणीच्या गाडीत बॅटरीच नव्हती. मग कळणार कसं? शिशाच्या गोल टर्मिनलमध्ये पॉझिटिव्ह जाड असतं, निगेटिव्ह थोडं बारीक. त्यामुळे क्लॅम्पची भोकंही लहानमोठी असतात. बॉडीला जाणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीचा क्लॅम्प आम्ही मोजला. तो मोठ्या भोकाचा निघाला आणि कापून रुंद केल्याची खूण नव्हती. कॉइलच्या वायरी आणि अँपिअरमीटरची जोडणीही त्याला जुळली. गाडी पॉझिटिव्ह अर्थिंगचीच होती आणि साठ वर्षांत कुणी ती उलटी केली नव्हती. ट्रे बदलून क्लॅम्प फेकले असते तर हे कधी कळलंच नसतं.

यात धोकाही आहे. मेकॅनिकच्या हाताला सवय असते ती निगेटिव्ह आधी काढायची. पॉझिटिव्ह अर्थिंगच्या गाडीत निगेटिव्ह हेच जिवंत टोक असतं. ते सोडताना पाना बॉडीला टेकला तर शेकडो अँपिअरचा शॉर्ट होतो, आणि चार्जिंगनंतर बॅटरीजवळ हायड्रोजन असतो. नियम असा पाळावा : बॉडीला जोडलेलं टोक आधी काढायचं आणि शेवटी लावायचं, मग ते कुठलंही असो. दुसऱ्या गाडीवरून जंपर लावताना दोन्ही गाड्यांचे बंपर एकमेकांना टेकता कामा नयेत.

मोठी बॅटरी का नको?

"साठऐवजी शंभर अँपिअर-तास घाला, ताकद वाढेल" हा सल्ला सगळीकडे मिळतो. जरा हिशोब करू. त्या काळचा लुकासचा सी-४० डायनामो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो. हेडलाइट, मागचे दिवे आणि इग्निशन मिळून सुमारे १५० वॅट, म्हणजे साडेबारा अँपिअर जातात. बॅटरीसाठी उरतात नऊ-साडेनऊ, तेही गाडी वेगात असताना. साठची बॅटरी अर्धी उतरली तर ती भरायला रात्री तीन तासांवर वेळ लागेल, शंभरची असेल तर पाच तासांवर. अशी गाडी रविवारी अर्धा तास फिरते. म्हणजे मोठी बॅटरी एकदा उतरली की कायम अर्धवट भरलेली राहते, प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती लवकर मरते.

मिरवणूक आणि रॅलीत तर आणखी बिकट. माणसाच्या चालीनं गाडी चालते तेव्हा डायनामो जवळजवळ काहीच देत नाही, आणि हॉर्न-दिवे चालूच असतात. तिथं आदल्या रात्री बाहेरून चार्ज केलेली योग्य मापाची बॅटरी हाच उपाय.

बूच नसलेली, सीलबंद एजीएम बॅटरी अशा गाडीत मी सुचवत नाही. जुना यांत्रिक कटआऊट व्होल्टेज नेमकं धरून ठेवत नाही. जास्त चार्ज झालं की साध्या बॅटरीत पाणी घालता येतं, सीलबंद बॅटरी वाळून जाते.

फायलीतली कागदं

त्या घरात गाडीची फाईल जपलेली होती. निपाणी १९५६ च्या आधीही बेळगाव जिल्ह्यातच होती. १ नोव्हेंबर १९५६ ला बदललं ते राज्य, मुंबईचं म्हैसूर. गाडी त्यानंतरची, त्यामुळे नोंदणी म्हैसूर राज्याची, आणि १९७३ नंतरच्या कागदांवर कर्नाटक. पण बॅटरी आणि टायरची बिलं बहुतेक कोल्हापूरची. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट आणि वाटेत तवंदी घाट. कर भरायला एका दिशेला, सामान आणायला दुसऱ्या दिशेला, असा या घराचा व्यवहार होता. सीमाभागाबद्दल आपण ठराव आणि आंदोलनं यांवरून लिहितो. रोजचा बाजार कुठल्या बाजूला होता, हे अशा बिलांतून दिसतं. बॅटरी साधारण तीन-चार वर्षांनी बदलावीच लागते, म्हणून तिची बिलं ठरावीक अंतरानं सापडतात. पुस्ती जोडावी तशी एकापुढे एक.

शेवटी काय केलं

ट्रे कापला नाही. डायनामो काढून तपासला, ब्रश बदलले, परत बसवला. अर्थिंग पॉझिटिव्हच ठेवलं. बॅटरी घेतली ती बारा व्होल्टची, बूच असलेली, मूळ ट्रेच्या मापात बसणारी. दुकानात क्षमतेइतकंच टर्मिनलच्या बाजूकडे लक्ष दिलं. मॉडेलच्या नावाच्या शेवटी एल किंवा आर असतं, त्यावर पॉझिटिव्ह कुठल्या हाताला ते ठरतं. पॉझिटिव्ह अर्थिंगच्या गाडीत ही निवड चुकली तर केबल पोहोचत नाही, आणि मग ती ओढून लावायचा किंवा तोडायचा मोह होतो. नवीन वस्तू एकच बसवली : बॅटरी तोडणारा स्विच, तोही भोक न पाडता. आणि बॉनेटखाली मराठी व कन्नड दोन्हीत पाटी लावली : "पॉझिटिव्ह बॉडीला आहे."

२०२१ मध्ये केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांसाठी नोंदणीचे वेगळे नियम केले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नसावा, असा त्यांचा रोख आहे. या घराला पुढे अर्ज करायचा आहे. न कापलेली, न उलटवलेली गाडी तिथं कामाला येईल.

वाचकांपैकी कुणाच्या घरी अशी गाडी असेल तर दुकानात जाण्याआधी एवढं करावं. ट्रे, दोन्ही क्लॅम्प, बॉडीची पट्टी, डायनामो आणि कटआऊटवरच्या पाट्या यांचे फोटो काढावेत. जुनी बॅटरी असेल तर तिच्यावरचं नाव आणि ठोकलेले आकडे उतरवून घ्यावेत. ती घरात जपू नये, शिसं आणि आम्ल पोराबाळांच्या घरात नको. नवीन घेताना दुकानदाराकडे परत द्यावी. बिलं मात्र देऊ नयेत, ती फायलीत ठेवावीत. आणि त्यांचे फोटो मंडळाकडे पाठवावेत.