नैराश्यावरचा नाकातला फवारा : अमेरिकेत जवळचे केंद्र कसे शोधावे?

दोन वेगवेगळी औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेसे आठवडे घेऊनही फरक पडत नसेल, तर डॉक्टर त्याला औषधांना दाद न देणारे नैराश्य म्हणतात. अशा प्रौढ रुग्णांसाठी अमेरिकेच्या एफडीएने मार्च २०१९ मध्ये एस्केटामाइनच्या फवाऱ्याला मान्यता दिली. बाजारातले नाव स्प्राव्हाटो. आधी तो गोळीच्या जोडीनेच द्यायचा होता. जानेवारी २०२५ पासून एकटाही देता येतो. शिक्षण-नोकरीसाठी तिकडे गेलेली आपली मुले-मुली आणि इथे फोनवर काळजी करणारे त्यांचे घरचे, अशा दोघांसाठी ही माहिती आम्ही देत आहोत.

हे औषध घरी नेता येत नाही. मान्यताप्राप्त केंद्रातच, कर्मचाऱ्यांसमोर रुग्ण स्वतः फवारा घेतो आणि नंतर किमान दोन तास तिथेच थांबतो. या वेळात रक्तदाब वाढू शकतो, गुंगी येते, आपण शरीरापासून वेगळे झालो आहोत असे वाटते. शिवाय औषधाचा गैरवापर होऊ शकतो, म्हणून नियम कडक आहेत. याचा अर्थ आपला मुलगा नशेच्या नादी लागला असा नव्हे, हे घरच्यांनी समजून घ्यावे.

आता हिशेब करू. पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढचे चार आठवडे एकदा. म्हणजे दोन महिन्यांत बारा फेऱ्या. त्यानंतरही आठवड्याला किंवा पंधरवड्याला एक. त्या दिवशी गाडी चालवायची नाही; रात्रीची नीट झोप झाल्यावर दुसऱ्या दिवशीच. एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला बारा वेळा कोण नेणार-आणणार? तासावर पगार घेणाऱ्याची बारा वेळा अर्ध्या दिवसाची मजुरी कोण भरून देणार? म्हणून नावाजलेल्या पण दूरच्या केंद्रापेक्षा जवळचे साधे केंद्र बरे, असे आमचे मत आहे.

औषध बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर पिनकोड (तिकडे झिप कोड) टाकला की आसपासची केंद्रे दिसतात. यादीवर विसंबू नका, फोन करा. नवीन रुग्ण घेता का, माझा विमा चालतो का, संध्याकाळची वेळ आहे का, विम्याची पूर्वमंजुरी तुम्ही मिळवता का, हे विचारा. औषधाचे पैसे आणि दोन तासांच्या देखरेखीचे पैसे वेगवेगळे लागू शकतात, तेही विचारून घ्या. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रातूनही पत्ता मिळतो.

पूर्वमंजुरी बहुधा एकाच ठिकाणी अडते. आधी कोणती औषधे, किती मात्रेत, किती दिवस घेतली याचा पुरावा लागतो. उपचार नागपूरला किंवा छत्रपती संभाजीनगरला सुरू झाले असतील तर कागद घरी कपाटात असतात. आईवडिलांनी "मन खंबीर कर" असे सांगण्याऐवजी त्या चिठ्ठ्यांचे फोटो पाठवावेत. अक्षर लागत नसेल तर इथल्या डॉक्टरांकडून औषधांची नावे आणि तारखा टाइप करून घ्याव्यात.

मेंदूत पूर्वी रक्तस्राव झाला असेल किंवा रक्तवाहिनीला फुगा असेल तर हा उपचार चालत नाही. रक्तदाबाचा त्रास, गरोदरपण, दारूची सवय यांतले काहीही डॉक्टरांपासून लपवू नका. फवाऱ्याआधी दोन तास खाणे आणि अर्धा तास पाणी बंद ठेवायचे असते.

घरपोच केटामाइन पाठवणाऱ्या जाहिरातींपासून सावध राहा. असे मिश्रण करून बनवलेले केटामाइन एफडीएच्या मान्यतेचे नसते आणि त्याबद्दल एफडीएने २०२३ मध्ये इशाराही दिला आहे. घरी रक्तदाब बघायला कोणी नसते.

मंजुरी यायला वेळ लागतो. तोवर चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका. जीव नकोसा वाटू लागला तर अमेरिकेत ९८८ वर फोन किंवा संदेश करा. भारतात टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येते.