वाकळीच्या पोटातलं कापड

आमच्या माण तालुक्यात गोधडीला वाकळ म्हणतात. पुण्याच्या दुकानांत आता ती घडी घालून, किमतीची चिठ्ठी लावून ठेवलेली दिसते. आमच्याकडं मात्र वाकळ विकत आणायची वस्तू कधी नव्हती. घरात येणाऱ्या प्रत्येक कापडाची वाट शेवटी तिच्याकडंच जायची.

ही वाट लांबची होती. रोजचं नऊवारी लुगडं आधी मधोमध विरायचं. मग विरलेला भाग कापून काढायचा आणि उरलेली दोन टोकं जोडायची. याला दांड घालणं म्हणत. दांडाचं लुगडंही गेलं, की त्यातले धड पट्टे वाकळीला. नेसून-धुवून लोण्यासारखं मऊ झालेलं कापड तान्ह्या पोराच्या दुपट्याला. चोळी शिवून उरलेल्या खणाच्या तुकड्यांची कुंची व्हायची, नाहीतर आज्जीची पानाची चंची. धोतराच्या लांब चिंध्या पिळून डोक्यावरच्या घागरीखाली चुंबळ. त्याहून बारीक चिंध्यांचा सुतळीनं आवळलेला चेंडू आम्हा पोरांना. अगदीच जीव गेलेलं कापड पोतेऱ्याला. पोतेरं झिजलं की उकिरड्यात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर खताबरोबर रानात. सगळं सुती, त्यामुळं मातीची माती व्हायला वेळ लागत नसे.

एखादी चिंधी आम्ही चुलीत घालायला निघालो, की आज्जी हात धरायची. "टाकू नगंस रं. चिंधी व्हायला आदी लुगडं घ्यावं लागतंय."

आज्जीनं हे कंट्रोलच्या काळात शिकून घेतलं होतं. दुसऱ्या महायुद्धात गिरण्यांचं बरंच कापड लष्कराकडं जाऊ लागलं, बाजारात भाव चढले, आणि 1943 साली सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं. गावात त्या वर्षांना नावच 'कंट्रोल' पडलं. मांजरपाटासाठीसुद्धा रांग धरावी लागे. आज्जी आणि तिची धाकटी जाऊ, दोघींत मिळून बाहेर नेसायचं एकच धड लुगडं होतं. म्हसवडच्या बाजाराला जी जाईल ती ते नेसायची, दुसरी त्या दिवशी उंबऱ्याबाहेर पडत नसे. हे सांगताना आज्जी हसायची. आईला मात्र ते ऐकवत नसे.

आईच्या वाट्याला 1972 चा दुष्काळ आला. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. रानात काही उरलं नव्हतं. आई आणि आबा पाझर तलावाच्या कामावर जायचे, आम्हाला सुकडी मिळायची, घरात लाल मिलोच्या भाकरी. सलग दोन दिवाळ्या घरात कापड आलं नाही. खडी फोडून, पाट्या वाहून अंगावरचं होतं तेही फाटलं. त्या थंडीत आज्जीचं बोलणं मला उमगलं. नवं कापड येत नाही तेव्हा जुनं कापडही तयार होत नाही. जे उद्या चिंधी व्हायचं, ते अजून अंगावरच असतं. दुष्काळात धान्य, पाणी, वैरण यांची टंचाई सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या घरात चिंध्यांचीही टंचाई होती.

आईनं मग मिलोची दोन रिकामी पोती मिळवली. धुवायला पाणी कुठलं? तीन दिवस उन्हात टाकून, काठीनं झोडपून तिनं ती झाडली, उसवली आणि वाकळीच्या पोटात घातली. ती वाकळ टोचायची आणि जडही होती. पण खाली आम्ही चौघं भावंडं निजायचो.

वाकळ शिवायचं काम उन्हाळ्यातल्या दुपारचं. सारवलेल्या सोप्यात जुनं लुगडं ताणून पसरायचं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, आत तुकडे मांडायचे, वर दुसरं लुगडं घालायचं आणि कडेकडेनं धावदोरा घालत मध्याकडं यायचं. शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसायच्या. आज आपली, उद्या तिची. तरी रानातलं सांभाळून एका वाकळीला महिना सहज जायचा.

माझ्या चाळिशीत आम्हा भावांची वाटणी झाली. कागदावर जमीन आली, विहिरीची पाळी आली, बैल, तांब्याचे हंडे, अगदी कडब्याची गंजसुद्धा आली. घरातल्या अठरा वाकळी कागदावर आल्या नाहीत. त्यांना किंमत लावायचं कुणाला सुचलंच नाही. आई म्हणाली, "ज्याला जी पायजे ती न्या." मी दुष्काळातली मागून घेतली.

ती फार फाटली होती म्हणून पुन्हा शिवायला आईनंच उसवली. वरच्या लुगड्याखाली आबांचं धोतर निघालं. त्याखाली हिरव्या खणाचे तुकडे. आई बोट ठेवत सांगत गेली. ह्यो थोरल्या आत्याच्या लग्नातला खण. ह्यो तुझ्या शाळेचा सदरा. ह्ये म्हातारीचं, जावेबरुबर वाटून नेसल्यालं. सगळ्यात खाली मिलोचं तरट, अजून शाबूत. आई शाळेत गेलेली नव्हती. पण त्या दुपारी घराचा तीस वर्षांचा हिशेब तिनं न अडखळता वाचून दाखवला.

पुढं टेरिलीन, टेरीकॉट आलं आणि ही वाट मोडली. ते कापड लवकर फाटत नाही, घाम टिपत नाही, त्यावर टाका सरकतो, आणि उकिरड्यात टाकलं तर वर्षानुवर्षं तसंच राहतं. आज शिंप्याच्या मशीनखाली कातरणाचा ढीग असतो. त्याच्या पिशव्या, पायपुसणी, दाराची तोरणं होतात. वाकळीसाठी मात्र सुती तुकडा निवडून वेगळा काढावा लागतो. चिंध्या उदंड झाल्या, बसून शिवणारे हात कमी झाले.

आमच्या गावातल्या बचत गटाच्या बायका आता गोधड्या शिवून विकतात. शहरातल्या एका बाईंनी किंमत ऐकून विचारलं, "चिंध्यांचे एवढे पैसे?" शिवणारी म्हणाली, "चिंध्यांचं न्हाईत ताई. दिसांचं हायत." गटाची एक वही आहे. तिच्यात प्रत्येक गोधडीपुढं कुणी शिवली आणि किती दिवस लागले, ते लिहिलेलं असतं.