कोऱ्या कागदावरची सही

गारिंशा या नावाभोवती जितक्या गोष्टी जमल्या आहेत, तितक्या फुटबॉलच्या इतिहासात क्वचितच दुसऱ्या कोणा खेळाडूभोवती जमल्या असतील. त्यांतील बहुतेक गोष्टी गमतीच्या आहेत आणि त्या साऱ्यांचा नायक एकच आहे : वाकड्या पायांचा, भोळसट, पाखरांच्या नादी लागलेला, पैशाचे मोल न कळणारा एक वाढलेला पोर. समोरचा संघ कोणत्या देशाचा आहे याची त्याला दाद नसे. 1958 चा विश्वचषक जिंकल्यावर सारे सहकारी आनंदाने रडत असताना, ‘ही कसली स्पर्धा, परतीचा सामनासुद्धा नाही!’ असे तो म्हणाला म्हणे. या गोष्टी ऐकावयास गोड लागतात. परंतु त्या कोणी रचल्या आणि त्यांतून कोणाचे साधले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो विचारला की या खेळाडूच्या उमेदीच्या वर्षांचे चित्र बरेच बदलते.

त्यासाठी थोडे मागे जावे लागते. ब्राझीलमध्ये फुटबॉल रुजला तो श्रीमंतांच्या अंगणात. चार्ल्स मिलर हा इंग्लंडात शिकलेला तरुण 1894 मध्ये साओ पावलोस परतला तो चेंडू घेऊन, असे तेथील इतिहास सांगतो. पुढे रिओ द जानेरोत जे क्लब निघाले, तेथे खेळाडू व प्रेक्षक दोघेही घरंदाज असत. या खेळात कामगार शिरला तो गिरण्यांच्या दारातून. रिओच्या बांगू या उपनगरात कापडगिरणीतील इंग्रज तंत्रज्ञांनी 1904 मध्ये क्लब काढला. अकरा इंग्रज जमेनात, तेव्हा मागावरचे कामगार संघात घ्यावे लागले. अशा रीतीने सोयीपोटी एक दार किलकिले झाले.

ते पुरते उघडले मात्र सहजासहजी नाही. 1923 मध्ये वास्को द गामा या पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या क्लबाने काळे, मिश्रवर्णी आणि गरीब गोरे खेळाडू घेऊन रिओचे अजिंक्यपद मिळविले. दुसऱ्याच वर्षी मोठ्या क्लबांनी निराळा संघ स्थापन केला आणि वास्कोने आपल्या बारा खेळाडूंना वगळावे अशी अट घातली. कारण वर्णाचे दिले नव्हते. या लोकांना धड व्यवसाय नाही, ते हौशी खेळाडू म्हणवून घेण्यास पात्र नाहीत, असे सभ्य शब्दांत सांगितले होते. वास्कोच्या अध्यक्षांनी 7 एप्रिल 1924 च्या पत्राने ती अट नाकारली. हौशीपणाचे हे सोवळे त्यानंतर फार काळ टिकले नाही. 1933 मध्ये रिओ व साओ पावलो येथे धंदेवाईक फुटबॉल उघडपणे मान्य झाला आणि खेळ ही गरिबाच्या मुलाची रोजी होऊ शकली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिओच्या उत्तरेस, डोंगराच्या पायथ्याशी, पाऊ ग्रांदे या गिरणीच्या गावात मानुएल फ्रांसिस्को दुस सांतोस जन्मला.

गिरणीचे गाव हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा. आमेरिका फाब्रिल नावाच्या कंपनीची ती कापडगिरणी. घरे कंपनीची, शाळा कंपनीची, खेळाचे मैदानही कंपनीचेच. बाप आमारो गिरणीत पहारेकरी होता आणि पिणाराही होता. मुलाचा उजवा पाय गुडघ्यात आत वळलेला, डावा बाहेर वळलेला आणि शिवाय आखूड. अंगाने तो इतका लहानखुरा होता की थोरल्या बहिणीने त्याला गारिंशा म्हणावयास सुरुवात केली. गारिंशा म्हणजे तिकडची एक तपकिरी, चिमुकली, झुडपांत फुदकणारी चिमणी. चौदाव्या वर्षी तो बापाच्या पाठोपाठ गिरणीत लागला. कामगार म्हणून त्याचा लौकिक अगदी वाईट. तरीही त्याची नोकरी टिकली, कारण गिरणीच्या संघाला त्याची गरज होती. आपल्या श्रमाचा हिशेब दुसराच कोणी ठेवतो आणि आपली चूक दुसराच कोणी पोटात घालतो, ही सवय त्याला येथेच जडली असावी. पुढच्या साऱ्या कहाणीत ती पुन:पुन्हा डोके वर काढते.

मोठ्या क्लबांकडे जाण्याची त्याला विशेष ओढ नव्हती. एका क्लबाने बूट नाहीत म्हणून परत पाठविले, दुसऱ्या ठिकाणाहून शेवटची गाडी चुकेल म्हणून तो स्वत:च निघून आला, असे सांगतात. अखेर 1953 च्या जून महिन्यात कोणी तरी त्याला रिओच्या बोताफोगो क्लबात नेऊन उभे केले. परीक्षेसाठी समोर होता निल्तॉन सांतोस, ब्राझीलच्या राष्ट्रीय संघातला बचावपटू. या एकोणीस वर्षांच्या गिरणी-कामगाराने चेंडू त्याच्या दोन्ही पायांमधून काढून नेला. सराव संपताच निल्तॉनने, हा मुलगा आपल्याकडे ठेवा, त्याच्याविरुद्ध खेळण्याची पाळी माझ्यावर आणू नका, अशा अर्थाचे सांगितले. पोराचे वय अठराच्या वर आहे आणि त्याच्याशी लगेच करार करता येतो, हे कळताच क्लबचालकांना आनंद झाला. 19 जुलै 1953 रोजी बोंसुसेसो संघाविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्याने तीन गोल केले.

त्याच्या खेळाचे वर्णन करणे सोपे आहे. समजावून सांगणे कठीण. उजव्या बगलेवर तो चेंडू घेऊन थांबे. चक्क थांबे. समोर बचावपटू वाकून उभा. मग गारिंशा शरीराचा झोक डावीकडे टाकी. चेंडू जागच्या जागी असे. पुन्हा झोक, पुन्हा काही नाही. आणि मग एकाएकी तो उजवीकडून सुटे. तो उजवीकडूनच जाणार हे प्रतिस्पर्ध्याला, पंचाला आणि मैदानावरच्या लाखभर लोकांना ठाऊक असे. प्रश्न फक्त केव्हा, एवढाच. आणि त्याचे उत्तर त्या वाकड्या पायांखेरीज कोणाजवळही नव्हते. दुसरे खेळाडू चकवतात ते पुढे जाण्यासाठी. हा कधी कधी पुढे गेल्यावर परत येई आणि त्याच माणसाला पुन्हा चकवी. 1958 च्या आरंभी मेक्सिको शहरात रिव्हर प्लेट या अर्जेंटिनी संघाविरुद्ध त्याने वाइरो नावाच्या बचावपटूची अशी दशा केली, की बैलांच्या झुंजीत देतात तशी ‘ओले’ची आरोळी प्रेक्षक दर हुलकावणीला देऊ लागले.

त्याच वर्षी स्वीडनमध्ये विश्वचषक होता. ब्राझीलच्या संघाबरोबर या खेपेस एक मानसशास्त्रज्ञ होते, जुआंव कार्वाल्याइस. साओ पावलोच्या बस-ट्राम कंपनीत चालक निवडण्यासाठी बुद्धिचाचण्या घेण्याचा त्यांचा अनुभव. खेळाडूंकडून चित्रे काढवून, कागदावर रेघा ओढवून त्यांनी निष्कर्ष काढला की गारिंशा जबाबदारीच्या सामन्यास योग्य नाही. आणि सतरा वर्षांचा पेलेही पोरकट असून त्याच्यात झुंजार वृत्ती नाही. हा अहवाल वाचून आज हसू येते. परंतु हसण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे की ज्याला पेन्सिल धड धरता येत नाही त्याला समजही नाही, ही कल्पना एकट्या कार्वाल्याइस यांची नव्हती. 1924 च्या त्या अटीमागेही तीच होती.

पहिल्या दोन सामन्यांत त्याला बसवून ठेवले होते. कारण अहवाल नव्हे. अगोदर इटलीत फिओरेंतिना संघाविरुद्ध गोलरक्षकालाही चकवल्यावर तो गोल न करता आणखी एका बचावपटूची वाट पाहत राहिला आणि हा उच्छृंखलपणा व्यवस्थापकांना रुचला नाही, असे सामान्यत: सांगितले जाते. 15 जून 1958 रोजी गॉथेनबर्ग येथे सोव्हिएत संघाविरुद्ध पेले व तो दोघेही उतरले. पहिल्या मिनिटातच गारिंशाचा फटका खांबावर आदळला, पाठोपाठ पेलेचा आडव्या दांडीवर, आणि तिसऱ्या मिनिटात वावाने गोल केला. फ्रेंच समीक्षक गाब्रिएल आनो यांनी त्या तीन मिनिटांना फुटबॉलच्या इतिहासातील सर्वोत्तम तीन मिनिटे म्हटले. 29 जूनच्या अंतिम सामन्यात स्वीडनने प्रथम आघाडी घेतली असता गारिंशाने उजव्या बगलेवरून दोनदा सारखीच चाल केली आणि वावाने दोनदा सारखेच गोल केले. ब्राझील 5-2 असा जिंकला. हे दोघे एकत्र खेळले अशा चाळीस सामन्यांत ब्राझील एकदाही हरला नाही.

आता त्या गोष्टींकडे वळतो. आपल्याला अडवणाऱ्या प्रत्येक बचावपटूला गारिंशा ‘जुआंव’ म्हणत असे, ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. गोव्याकडच्या वाचकांना हे नाव परके नाही. आपल्याकडे कोणीही गणू-गोविंदा म्हणावा, तसे ते. नावे लक्षात ठेवण्याइतकीही अक्कल नाही किंवा गरज नाही, असा त्याचा अर्थ. पण ही गोष्ट सांद्रो मोरेइरा या बोताफोगोप्रेमी पत्रकाराने रचली. तो गारिंशाचा मित्र होता. त्यात दुष्टावा नव्हता. वर्तमानपत्राला रोज काही गमतीचे लागते. परंतु अशा गोष्टी साठत गेल्या आणि जिवंत माणसाच्या जागी एक निरागस पाखरू तयार झाले. आणि पाखराशी वाटाघाटी कोण करतो?

बोताफोगोच्या कचेरीत त्या काळी घडत होते ते असे. करार संपला की नवा कागद समोर येई. त्यावर रकमेची जागा मोकळी. गारिंशा सही करी आणि आकडा मागाहून चालक भरीत. एकदा नव्हे, अनेकदा. संघातील मानाचे स्थान त्याचे. पगार मात्र त्या स्थानाला साजेसा नव्हता. हे त्याच्या भोळेपणाचे उदाहरण म्हणून सांगितले जाते, आणि त्याचा भोळेपणा मी नाकारीतही नाही. पण समजा तो चतुर असता, तर काय करू शकला असता? त्या देशात ‘पासे’ नावाची एक व्यवस्था होती. खेळाडूच्या नोंदणीचा हक्क क्लबाच्या मालकीचा. कराराची मुदत संपली तरी तो हक्क सुटत नसे. दुसऱ्या क्लबात जावयाचे तर पहिल्याने किंमत ठरवून विकले पाहिजे. न विकल्यास खेळाडूने घरी बसावे. 1933 च्या सुधारणेने गरिबाच्या मुलाला वेतन दिले, परंतु नोकरी सोडून जाण्याचा साधा अधिकार दिला नाही. पाऊ ग्रांदेतील मागावरच्या मजुरालाही तो होता. तेव्हा कागद कोरा असो वा भरलेला, सही करणाऱ्याची बाजू लंगडीच होती. कोऱ्या कागदामुळे ती फक्त उघडी पडली, एवढेच.

1962 चा चिलीतील विश्वचषक त्याने जवळजवळ एकट्याने जिंकून दिला, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. पेले दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाला. इंग्लंडविरुद्ध गारिंशाचे दोन गोल, यजमान चिलीविरुद्ध आणखी दोन. एक डोक्याने, एक डाव्या पायाने, म्हणजे जे त्याला येत नाही असे समजले जाई त्यानेच. चिलीविरुद्ध लाथ मारल्याबद्दल त्याला मैदानाबाहेर काढले होते, तरी अंतिम सामन्यात खेळण्याची मुभा मिळाली आणि चेकोस्लोव्हाकियाचा 3-1 असा पराभव झाला. परतल्यावर राज्यपाल लासेर्दा यांनी बक्षीस विचारले, तेव्हा त्याने त्यांच्याकडची बोलणारी मैना मागून घेतली, अशी हकीकत आहे. आपल्या मैनेचा तिकडे असा बहुमान झाल्याचे वाचून बरे वाटते खरे, पण ही हकीकतही त्याच माळेतला मणी आहे.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात रिओ अजिंक्यपदाच्या निर्णायक सामन्यात बोताफोगोने फ्लामेंगोला 3-0 असे हरविले. तो त्याचा शेवटचा मोठा सामना. वय अवघे एकोणतीस. गुडघ्यातील कूर्चा झिजली होती. प्रत्येक उसळीबरोबर ते वाकडे सांधे एकमेकांवर घासत. शस्त्रक्रियेसाठी विश्रांती हवी होती. परंतु बोताफोगोच्या परदेश-दौऱ्यांत गारिंशा मैदानावर असला तर एक रक्कम आणि नसला तर कमी, अशा बोली असत. म्हणून गुडघ्यात सुई टोचून त्याला उतरवीत आणि सामना संपला की पाय सुजे. आपला करार अन्यायाचा आहे हे त्याला उमगले ते याच सुमारास. तो वाढ मागू लागला, सरावाला दांडी मारू लागला. आणि कालपर्यंत ज्याचा भोळेपणा वाखाणला जाई, त्याच्यावर वर्तमानपत्रांतून हावरेपणाचा ठपका आला. त्याच वेळी घर सोडून तो गायिका एल्झा सोआरिस हिच्याकडे राहावयास गेल्यामुळे लोकापवादाला आयतेच निमित्त मिळाले. शस्त्रक्रिया 1964 मध्ये झाली, फार उशिरा. 1966 मध्ये क्लबाने त्याला कोरिंथियांसला विकले. त्या वर्षीच्या विश्वचषकात हंगेरीने ब्राझीलला हरविले. राष्ट्रीय संघातून खेळलेल्या त्याच्या साठ सामन्यांतील तो एकमेव पराभव, आणि शेवटचा सामनाही तोच.

पुढचा काळ दारूचा आहे आणि त्याविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. 20 जानेवारी 1983 रोजी एकोणपन्नासाव्या वर्षी तो वारला. शव माराकाना मैदानात ठेवले होते; तेथून पाऊ ग्रांदेकडे निघालेल्या अंत्ययात्रेला लोटलेल्या गर्दीने रस्ता कित्येक तास अडून राहिला.

‘पासे’ला पहिला तडा गेला तो, योगायोग पाहा, बोताफोगोच्याच एका खेळाडूमुळे. आफोंसिन्यो हा वैद्यकीचा विद्यार्थी होता. दाढी व केस कापण्यास नकार दिला म्हणून क्लबाने त्याला खेळण्यास बंदी केली. तो दाद मागावयास गेला आणि 1971 मध्ये आपला हक्क आपल्या ताब्यात घेऊन बाहेर पडला. त्याला कायदा वाचता येत होता. व्यवस्था मोडावयास मात्र आणखी सत्तावीस वर्षे लागली. 24 मार्च 1998 च्या कायद्याने ‘पासे’ रद्द ठरविली आणि 2001 पासून ते कलम अमलात आले. 1958 साली गॉथेनबर्गला गारिंशाबरोबर उतरलेला तो सतरा वर्षांचा मुलगा आता देशाचा क्रीडामंत्री होता. त्याच्याच नावाने हा कायदा ओळखला जातो.