राजाच्या राखीव रानातले बोकड

इटलीतल्या ग्रान पारादिसोच्या डोंगरात मी ज्या वाटांनी चढलो, त्या राजाने घोड्यावरून शिकारीला जाता यावं म्हणून बांधवून घेतलेल्या. सावज होतं आयबेक्स, लांब बाकदार शिंगांचा रानबोकड. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आल्प्समधून तो जवळजवळ संपलाच होता. मांसासाठी मारत, रक्त औषध म्हणून घेत, हृदयातल्या हाडाचा ताईत करत. १८२१ मध्ये शिकारबंदी आली. १८५६ मध्ये याच राजाने, दुसऱ्या व्हिक्टर इमॅन्युएलने, हा मुलूख स्वतःसाठी राखला आणि चोरट्या शिकाऱ्यांनाच राखणदार नेमलं. ही युक्ती मला फार आवडली. सार इथल्या त्याच्या किल्ल्यातलं दालन मात्र शिंगांनीच सजवलेलं आहे. ते पाहून राजाबद्दलचा आदर जरा आटतो. १९२२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. तोवर स्विस लोकांनी इथलीच पिल्लं चोरून नेऊन आपले डोंगर पुन्हा वसवायला घेतले होते!

शिकारीतून वाचलेल्या या बोकडांना आता त्रास उन्हाचा. थोराड नराला उष्मा लवकर बाधतो. दिवस तापला की तो चरणं सोडून वरच्या गार कातळांकडे जातो, पण तिथे चारा कमी. गळ्यात जीपीएस पट्टे बांधून ठेवलेल्या नोंदी सांगतात, की उष्ण दिवसांत हे बोकड रात्रीही जास्त वावरतात, लांडगे परतलेल्या भागातसुद्धा. मुळात हा प्राणी दिवसाउजेडी चरणारा; अंधारात त्याला कड्यावर पायही जपून टाकावा लागतो आणि लांडग्याचा कानोसाही घ्यावा लागतो.