दूरचित्रवाणी कोणाच्या मालकीची?

दूरचित्रवाणीचा इतिहास सांगताना यंत्रातील सुधारणा मोजण्याची रीत आहे : आधी कृष्णधवल, मग रंगीत, मग उपग्रह. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना मात्र सवयीने दुसराच प्रश्न सुचतो. यंत्र कोणाचे, आणि ते चालते कोणासाठी?

१५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत पहिले प्रक्षेपण झाले, ते युनेस्कोच्या साहाय्याने आणि लोकशिक्षणाच्या हेतूने. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ‘आमची माती, आमची माणसं’मधून शेतकरी पडद्यावर आला. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर एटीएस-६ या अमेरिकन उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांना शेती, आरोग्य व शिक्षणाचे कार्यक्रम दाखविण्यात आले. एकच संच, आणि त्याच्यापुढे अवघे गाव! असा प्रयोग विरळाच. परंतु तो काळ आणीबाणीचा होता, हेही विसरता येत नाही. साधन लोकांसाठी होते, लोकांच्या हाती नव्हते. मालक सरकार होते.

१ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती आल्या आणि दुसरा मालक दाराशी येऊन उभा राहिला. १९८२ साली एशियाडच्या निमित्ताने पडद्यावर रंग आले. त्याच वर्षी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर होते. एकाच वर्षाची ही दोन चित्रे आहेत. १९८४ मध्ये ‘हम लोग’ आली, १९८७ मध्ये ‘रामायण’ आले आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या. गच्चीगच्चीवरून तारा ओढणाऱ्या पोरांना रोजगार मिळाला. चाळीत एका बिऱ्हाडी जमणारी मंडळी मात्र आपापल्या दाराआड गेली.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी नको, तशी धनिकांचीही नको. १९९७ मध्ये प्रसार भारती स्थापन झाली. तिची स्वायत्तता कागदावर किती व व्यवहारात किती, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

आता चित्र इंटरनेटवरून थेट हातातल्या फोनवर येते. कोणी काय पाहावे, हे बऱ्याच अंशी कंपन्यांची गणिते सुचवितात. लहरींची मालकी न्यायालयाने सांगितली. या नव्या वाटेची कोण सांगणार? मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने चित्रीकरण थांबले, जुने ‘रामायण’ पुन्हा दाखविले गेले, आणि मालिकांतले रोजंदारीचे कामगार रिकाम्या हातांनी घरी बसले. पडद्यामागचे हात त्या वेळी पुष्कळांना प्रथमच आठवले.

दूरचित्रवाणीचे पुढे काय होईल, याचे भाकीत आम्ही करीत नाही. मालक बदलत आले, एवढे इतिहास सांगतो. प्रेक्षकाने मात्र मालकी कधी मागितलीच नाही. ती मागायची तर आधी एकत्र बसावे लागेल. आणि एकत्र बसण्याची सवय अजून शिल्लक आहे, हे अशा व्याख्यानमालांतून दिसतेच आहे.