फुजीच्या पायथ्याच्या गुहा

फुजी पर्वत आपण कॅलेंडरवर पाहिलेला असतो. ३७७६ मीटर उंच, डोक्यावर बर्फाची टोपी, एखाद्या फकिरासारखा शांत. जपानला गेलो तेव्हा शिखराची वाट मी धरली नाही. गुडघ्यांची परवानगी नव्हती. मी पायथ्याशी, जमिनीच्या पोटात उतरलो.

पर्वताच्या वायव्येला आओकिगाहाराचं दाट जंगल आहे. इथं झाडांची मुळं खोल जात नाहीत, काळ्या खडकावर पसरतात. कारण खाली गोठलेला लाव्हा आहे. इसवी सन ८६४ मध्ये फुजीच्या वायव्य उतारावर जमीन फाटली. शिलारस सेनोउमी नावाच्या मोठ्या सरोवरात शिरला आणि त्यानं ते बरंचसं बुजवून टाकलं. जे उरलं, ती आजची साइको आणि शोजी ही दोन सरोवरं.

वाहत्या लाव्ह्यावर दुधावरच्या सायीसारखा थर आधी गोठतो. आतला रस पुढं निघून जातो, मागं पोकळी उरते. नारुसावाच्या बर्फगुहेत सरासरी तापमान ३ अंश. एके ठिकाणी छत इतकं खाली येतं, की सजद्यात जावं तसं वाकूनच पुढं सरकावं लागतं. जवळच्याच फुगाकू वायुगुहेत लाव्ह्याला सुंभासारखा पीळ पडलेला दिसतो. या गुहेत पूर्वी रेशीमकिड्यांची अंडी आणि झाडांचं बी ठेवत. विजेशिवाय चालणारं शीतगृहच ते! ज्या आगीनं गावं गिळली, तिच्याच वाटेवर पुढच्या पिढ्यांनी बियाणं जपलं.

त्या उद्रेकाची नोंद ९०१ साली पूर्ण झालेल्या दरबारी इतिहासात आहे. सरोवराचं पाणी उकळलं, मासे आणि कासवं मेली, शेतकऱ्यांची घरं सरोवरासकट गाडली गेली. काही घरं उभी राहिली, पण आत माणूस नव्हता. त्यांची संख्या सांगणं कठीण, असं लिहून लेखनिक थांबतो. दरबारानं मात्र कौल लावला. उत्तर निघालं, की सुरुगा प्रांतातल्या पुजाऱ्यांनी पूजेत हयगय केली. काई प्रांताला देवाची समजूत काढण्याचा हुकूम सुटला. संकट आलं की आधी दोषी शोधायचा, मेलेल्यांची मोजदाद राहिली तर राहिली, ही रीत किती जुनी आहे पाहा.

आपला सह्याद्रीही अशाच काळ्या कातळाचा. पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या आगीत माणूस होरपळला नाही, कारण माणूसच नव्हता. फुजीच्या कातळाखाली मात्र चुली आहेत, पाळणे असतील.

वायुगुहेत मी हाक मारून पाहिली. तिथल्या सच्छिद्र भिंती आवाज पिऊन टाकतात, प्रतिध्वनी येत नाही. मी हात उचलले, त्या अनाम माणसांसाठी फातेहा म्हटला आणि बाहेर उन्हात आलो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)