वऱ्हाडांतील आखाडा आणि वार्धक्याचें शास्त्र

महाराष्ट्रांतील व्यायामाचा इतिहास लिहावयास घेतला, तर तो बहुधा तारुण्याचाच इतिहास होऊन बसतो. जोर, बैठका, मल्लखांब, कुस्ती, लेझीम हीं सारीं विशी-पंचविशीच्या शरीराचीं भूषणें. चाळिशी उलटलेला पहिलवान त्या इतिहासांत वस्ताद म्हणून उरतो, आणि साठी उलटलेला माणूस त्यांतून अजिबात नाहींसा होतो. असें कां झालें, याचा विचार आज करणें अगत्याचें आहे. २०११ च्या शिरगणतींत भारतांत साठ वर्षांवरील माणसें दहा कोटींहून अधिक भरलीं, आणि त्यांची संख्या पुढें वाढतच जावयाची आहे.

या प्रश्नाच्या विचारास वऱ्हाडासारखें दुसरें सोयीचें क्षेत्र नाहीं. उत्तर पेशवाईंत बाळंभट देवधर यांनीं मल्लखांबाची विद्या नांवारूपास आणिली. पण पुढें राज्य गेलें, आणि तालमींचा राजाश्रय तुटला. इंग्रज सरकारनें फौजेच्या भरतीसाठीं कांहीं जाती 'लढवय्या' ठरविल्या व बाकीच्यांस दुबळें मानलें. सुशिक्षित तरुणाच्या मनास हा कलंक फार झोंबला. १८९७ सालीं राष्ट्रसभेचें अधिवेशन अमरावतीस भरलें; टिळकांचे स्नेही दादासाहेब खापर्डे हे तेथलेच. अशा तापलेल्या भूमींत १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. दास्यांत पडलेल्या देशाला मनगट हवें होतें, आणि तें मनगट तरुणाचें असणार हें ओघानेंच आलें.

मंडळानें केलेलें कार्य लहान नव्हे. आखाड्याच्या मातीला त्यानें शिस्तीची व शिक्षणाची जोड दिली. १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामने भरले, तेव्हां मंडळाच्या पथकानें तेथें जाऊन हुतुतू व इतर देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें जगाला दाखविलीं. अमरावतीच्या मातींत घोटलेल्या विद्येचा तो मोठाच गौरव होता. तथापि त्याच बर्लिनच्या राज्यकर्त्यांनीं बळकट तरुण शरीराची जी पूजा मांडली होती, तिची दुसरी बाजू १९३९ पासून उघडी पडली. वेडे, पंगू आणि असाध्य रोगी यांना तेथें पद्धतशीरपणें ठार मारण्यांत आलें. आमच्या आखाड्यांच्या मनांत असलें पाप कधींहि शिवलें नव्हतें. परंतु केवळ बळालाच मोल देणाऱ्या विचारांत दुबळ्याला जागा कोठें, हा प्रश्न तेथून कायमचा उभा राहिला.

आमच्याकडे वृद्ध वगळला गेला तो क्रौर्यानें नव्हे. परंपरेनें आणि कांहीं अंशीं आदरानें. उतारवयांत माणसानें व्याप कमी करावा, देवाचें नांव घ्यावें, सुनेच्या हातचें खावें, ही आपली वानप्रस्थाची घरगुती आवृत्ति. तिला शास्त्राचाहि आधार मिळाला. वाग्भटानें बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानेंहि अर्ध्या शक्तीइतकाच व्यायाम करावा असें सांगितलें, आणि बाल व वृद्ध यांना तो वर्ज्य ठरविला. ज्या काळीं व्यायाम म्हणजे घाम निथळेपर्यंतचे कष्ट असा अर्थ होता, त्या काळीं हा निषेध शहाणपणाचाच होता. पण त्याच वचनांतील अर्ध्या शक्तीचें माप फार मोलाचें आहे. तें ज्याच्या-त्याच्या स्वतःच्या शक्तीवरून ठरतें. मग सत्तरीच्या माणसालाहि त्याचें अर्धें बळ आहेच. आम्ही निषेध तेवढा ध्यानांत ठेवला आणि मापाकडे दुर्लक्ष केलें.

शरीराकडे अभिमानाऐवजीं जिज्ञासेनें पाहण्याची रीत महाराष्ट्रांत रुजविण्याचें मोठें श्रेय स्वामी कुवलयानंदांना आहे. बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यांत तयार झालेल्या या गृहस्थानें १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचें मोजमाप आरंभिलें. उड्डियान व नौली करतांना पोटांतील दाब किती उतरतो, हें त्यांनीं यंत्रानें मोजून पाहिलें. श्रद्धेचा विषय अशा रीतीनें प्रयोगाचा विषय झाला.

पुढें परदेशांत या विद्येनें जें वळण घेतलें तें आपल्या विषयाच्या अगदीं जवळचें आहे. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर दिवसभर बसून राहणारे चालक आणि दिवसभर जिने चढणारे-उतरणारे वाहक यांची जेरेमी मॉरिस यांनीं तुलना केली. वाहकांमध्यें हृदयविकार कमी, असा निष्कर्ष त्यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केला. १९९० सालीं बोस्टनच्या एका शुश्रूषागृहांतील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत नव्वदीच्या आगेमागें असलेल्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांनीं वजन उचलण्याचा व्यायाम दिला, आणि त्यांच्या मांड्यांचें बळ सरासरीनें अडीचपटींहून अधिक झालें. वाग्भटाचा निषेध ज्या समजुतीवर उभा होता, ती समजूतच येथें ढळली. जागतिक आरोग्य संघटना तर आतां पासष्टीवरील माणसांनीं आठवड्यांतून निदान तीन दिवस तोल व बळ वाढविणारा व्यायाम करावा असें सांगते.

परंतु स्नायूंपुरतेंच हें शास्त्र नाहीं. वृद्धाला घरांत बसविणारी गोष्ट पुष्कळदां गुडघा नसून भय असतें. न्हाणीघरांत एकदां पाय घसरला कीं माणूस चालणें टाकतो. चालणें टाकलें कीं पाय लटके पडतात, आणि मग भय खरें ठरतें. हें चक्र कोठें तोडावयाचें, हा मानसशास्त्राचा प्रश्न आहे. तें शास्त्र आपल्याकडे १९१६ सालींच कलकत्त्याच्या विश्वविद्यालयांत स्वतंत्र विषय म्हणून आलें. पण आखाडा आणि तें यांची गांठ पडावयास फार काळ लागला. स्त्रियांची गोष्ट तर त्याहून बिकट. ज्या पिढीला तालमीचा उंबरठाहि पाहूं दिला नाहीं, तिच्यांतील विधवाच आज आमच्या घरांतून एकट्या राहत आहेत.

वऱ्हाडांत या साऱ्या विद्यांना एकत्र आणण्याचीं साधनें नाहींत असें मुळींच नाहीं. मंडळानें १९६७ सालीं शारीरिक शिक्षणाचें पदवी महाविद्यालय काढलें. १९८३ सालीं अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठ झालें. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनें २०१७-१८ सालीं देशांतील पंचेचाळीस वर्षांवरील सुमारें बहात्तर हजार माणसांची पाहणी करून वार्धक्याच्या अभ्यासाचा पाया घातला आहे. उणीव आहे ती दृष्टीची. संशोधकाला सर्वांत सुलभ मिळणारा माणूस म्हणजे वसतिगृहांतील विद्यार्थी. त्याच्याच नाडीचे ठोके मोजून प्रबंध पुरा होतो. वृद्धाचे ठोके मोजावयाचे तर त्याच्या ओसरीवर जावें लागतें, त्याचें ऐकून घ्यावें लागतें, आणि वर्षा-दोन वर्षांनीं तेथेंच पुन्हां यावें लागतें.

मोर्शी अमरावतीहून पन्नासएक किलोमीटरांवर आहे. येथले मुलगे पुण्या-मुंबईस नोकरीला जातात. संत्र्याची बाग आणि आईबाप मागें राहतात. यांतले कित्येक म्हातारे महाशिवरात्रीला सालबर्डीचा डोंगर चढून महादेवाच्या गुहेपर्यंत जातात, आणि कित्येकांना देवळाच्या चार पायऱ्या जड होतात. वय एक, पाणी एक, अन्नहि बहुधा एकच. मग हा फरक कशानें पडला? कष्टाच्या संवयीनें, सोबतीनें, कीं मनाच्या उभारीनें? ऐंशीव्या वर्षीं, १९५६ सालीं देह ठेवणाऱ्या गाडगेबाबांनीं खेड्याखेड्यांतून हातांत झाडू धरून उतारवय कसें काढलें, हें वऱ्हाडाला ठाऊक आहे. त्यांचेंच नांव आज या विद्यापीठाला आहे. त्या नांवाच्या विद्यापीठांतून दरवर्षीं व्यायामशास्त्राचे आणि मानसशास्त्राचे दहा-वीस विद्यार्थी जरी अशा तालुक्यांच्या गांवीं पाठविले, त्यांनीं शंभर घरांतील वृद्धांची चाल, तोल व निद्रा यांची नोंद केली, आणि जुन्या हनुमान आखाड्याच्या अंगणांत सकाळचा एक तास त्यांच्यासाठीं राखून ठेवला, तर वैद्य बंधूंनीं आरंभिलेलें कार्य एका पिढीपुढें सरकेल. त्यासाठीं नवी इमारत नको, कीं मोठें यंत्र नको. एक वही, एक घड्याळ आणि म्हाताऱ्या माणसाला बसावयास एक बाक, एवढ्यावर आरंभ करतां येईल.